टायर गरम होऊ दे

आमच्या घरी मृग लागला की नाही हे पंचांगात पाहण्याची कधी गरज पडत नसे. एखाद्या सकाळी भाऊ धोतर वर खोचून, हातात जॅक घेऊन गाडीच्या पडवीत शिरले, की पावसाळा आला असे आम्ही समजत असू. फणसाच्या लाकडाचे चार ठोकळे पडवीच्या कोपऱ्यात वर्षभर नुसते पडून असत. त्या दिवशी ते पुसले जात, एकेक करून गाडीखाली सरकवले जात, आणि आमची १९६७ सालची फियाट जमिनीपासून दोन बोटे वर उचलली जाऊन चार महिन्यांच्या चातुर्मासाला बसे. आई म्हणे, "देव झोपतात आषाढी एकादशीला. ह्यांची गाडी त्यांच्याही आधी!"

चाकांना दोन बोटांनी टिचकी मारून ती मोकळी फिरतात की नाही हे भाऊ पाहत, आणि मग तृप्त चेहऱ्याने चहाला येत. लहानपणी मला वाटे की पुराचे पाणी आत आले तर गाडी भिजू नये म्हणून हा खटाटोप असावा. आमचे घर रत्नागिरीतल्या एका चढावर. तिथे पुराचे पाणी यायचे तर आधी सारा बाजार बुडायला हवा! मी एकदा ही शंका बोलून दाखवली, तेव्हा भाऊ म्हणाले, "अरे, पाण्याचं नव्हे. तिच्या पायांवरचा भार काढायचा. चार महिने तू एका पायावर उभा राहशील का?"

गाडीला पाय असतात, हे मला त्या दिवशी कळले.

भाऊ बांधकाम खात्यात आरेखक होते. शिसपेन्सिलीने आखलेली रेघ जशी सरळ तसा त्यांचा स्वभाव. ही गाडी त्यांनी घेतली तीही जुनीच, एका डॉक्टरांकडून. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, गिअरचा दांडा चाकाशी नव्हे तर हातातल्या स्टिअरिंगला जोडलेला. तिच्या इंजिनाकडे बघायला गावात मेस्त्री होता. पण टायरांना मात्र भाऊंनी कोणाला हात लावू दिला नाही. त्यांची एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तीवर त्यांच्या सुबक अक्षरात 'टायर' एवढेच लिहिलेले होते. दर रविवारी गाडी कुठे गेली नसली, तर भाऊ ती हातभर पुढे किंवा मागे ढकलत, म्हणजे चाकाची पाव फेरी होई. जमिनीला टेकलेला भाग वर येई, वरचा खाली जाई. टायरवर खडूची एक खूण असे. वहीत नोंद होई: "खूण वर." पुढच्या रविवारी: "खूण पुढे." त्याच्या पुढच्या: "खूण खाली." घरात आम्हां तिघा भावंडांच्या वाढदिवसांच्या तारखा आईला पाठ होत्या, भाऊंना नव्हत्या; पण खूण कुठे आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते.

टायरांच्या बाबतीत भाऊंचे काही कायदे होते. विहिरीवरच्या पंपाची मोटर पूर्वी गाडीच्या पडवीत होती. ती त्यांनी दोन दिवस खपून घराच्या दुसऱ्या अंगाला नेली. कारण काय, तर मोटरच्या ठिणगीचा वास टायरला मानवत नाही! एकदा गाडी धुवायला दिली असता तिथल्या पोराने टायरांना कसलेसे चकचकीत तेल चोळून ते काळ्या आरशासारखे करून दिले. मुलगा बक्षिशीच्या आशेने उभा. भाऊंनी त्याला बक्षिशी दिली, घरी आले, आणि संध्याकाळपर्यंत साबणाच्या पाण्याने ते तेल धूत बसले. पडवीत तेलाचा थेंब पडला तर त्यावर आधी लाकडाचा भुसा टाकायचा. चाकांखाली नेहमी कोरड्या फळ्या. कौलातून ऊन येईल तिथे गोणपाटाचा पडदा. नळ्यांना, म्हणजे टायरच्या आतल्या ट्यूबना, शंखजिऱ्याची पूड लावून घडी घालायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायची. "घरात पावडर फक्त ट्यूबना मिळते," ही आईची तक्रार होती.

आणि माळ्यावर दोन टायर होते.

ते एका फळीवर शेजारी शेजारी उभे असत. काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, दोरीने बांधलेले. लोखंडी डिस्क नसलेला नुसता टायर खुंटीला टांगायचा नाही, त्याच्या कडा ताणतात. तो उभा ठेवायचा आणि महिन्यातून एकदा थोडा फिरवायचा, हा आणखी एक कायदा. भाऊ दर महिन्याला शिडी लावून माळ्यावर जात, त्या दोघांना जरासे गोल फिरवत, आणि खाली उतरत. सत्तरी गाठल्यावरही हा क्रम चुकला नाही. आम्ही मुले हसत असू. मी तर पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा एका कादंबरीतल्या विक्षिप्त म्हाताऱ्याला हीच सवय चिकटवून दिली. भाऊंनी ती कादंबरी वाचली. म्हणाले, "म्हातारा बरा उतरलाय. पण तो टायर आडवा ठेवतो असं लिहिलंयस. एकावर एक रचले की खालचा चेपतो."

भाऊ २०१६ च्या जानेवारीत गेले.

त्या वर्षी मृग आला आणि गेला. मला ठोकळ्यांची आठवण झाली नाही असे नाही, झाली. पण शाळा, परीक्षा, घरातली निरवानिरव यांत ती मागे पडली. खरे सांगायचे तर पडवीचे दार उघडणेच जिवावर येत होते. गाडी जिथे उभी होती तिथेच उभी राहिली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

२०१९ च्या मे महिन्यात लांज्याला माझ्या मामेभावाच्या मुलाची मुंज होती. लांजे हे आईचे माहेर. आमच्याकडून चाळीसेक किलोमीटर. मी भाड्याची गाडी ठरवायला निघालो, तेव्हा आई म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी माहेरी एस.टी.ने गेले, आणि नंतर ह्यांच्या गाडीनं गेले. भाड्याच्या गाडीनं कधी गेले नाही. ती चालू होत नाही का?"

आईने मागितलेली ती तीन वर्षांतली पहिली गोष्ट होती. मी मेस्त्रीला बोलावले. बॅटरी नवी आली, पेट्रोलची टाकी धुऊन निघाली, ब्रेक झाले, आणि पाचव्या दिवशी गाडी खोकत का होईना पण सुरू झाली. अडले ते टायरांवर. तीन वर्षे एकाच जागी भार सोसून चारीही टायर खालून चपटे झाले होते, आणि बाजूंना बारीक भेगांचे जाळे पडले होते, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखे. चारांपैकी दोन त्यातल्या त्यात बरे निघाले. दोन मात्र साफ गेलेले. आमच्या गाडीला लागणारे ५.२०–१४ हे माप गावातल्या दुकानातून केव्हाच नाहीसे झाले होते. मुंज चार दिवसांवर.

तेव्हा मला माळा आठवला.

दोरी सोडली, काळे प्लॅस्टिक उलगडले, आणि आतून दोन कोरे करकरीत टायर बाहेर आले. नक्षी पूर्ण खोल, एक भेग नाही, नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात तेसुद्धा जसेच्या तसे. मला एकदम भरून आले. वाटले, भाऊंनी याच दिवसासाठी ते सांभाळले. आईने तर त्यांना हळदकुंकू लावले.

गावात आमचा नेहमीचा पंक्चरवाला आहे. केरळातून इकडे येऊन त्याला तीस वर्षे झाली असतील. त्याला सारे 'अण्णा' म्हणतात. त्याने टायर हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला, बाजूवरचे आकडे वाचायला चष्मा लावला, आणि म्हणाला, "मास्तर, तोंड नवा आहे. वय नवा नाय."

मी म्हणालो, "अहो अण्णा, एक मैलसुद्धा चाललेला नाही हा!"

"तेच बोलतो. चालला नाय, बसून म्हातारा झाला. पुढे नाय लावणार मी. मागे लावतो. हळू जा."

त्याने ते मागच्या चाकांना लावले. मी मनातल्या मनात त्याला हसलो. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेऊन मी मास्तर झालो. डोळ्यांना जे दिसते त्यावर विश्वास ठेवायचा, हाच माझा धंदा! डोळ्यांना तर नवा टायर दिसत होता.

मुंज थाटात झाली. आई माहेरच्या बायकांत तीन वर्षांनी पोटभर हसली. परत येताना उन्हे कलली होती. पालीच्या अलीकडे एका सरळ रस्त्यावर मागून ढप्प-ढप्प असा आवाज येऊ लागला. काय आहे ते पाहावे असे म्हणेपर्यंत बंदुकीसारखा बार झाला आणि गाडीची मागची बाजू कोणी तरी हाताने ओढावी तशी रस्त्याच्या कडेला ओढली गेली. समोरून एक ट्रक येत होता. तो किती जवळून गेला हे मला आजही नक्की सांगता येत नाही. गाडी तांबड्या मातीत रुतून थांबली. धूळ खाली बसली तेव्हा आई मागच्या सीटवर एका बाजूला कलंडलेली होती आणि डाव्या हाताने उजवे मनगट धरून माझ्याकडे पाहत होती. तिच्या कपाळावर रक्ताची एक रेघ होती. ती पहिले वाक्य बोलली ते असे: "तुला काही लागलं नाही ना?"

मागच्या डाव्या टायरची वरची सारी साल सुटून निघाली होती. केळ्याची साल निघते तशी. आतले दोरे उघडे पडले होते. त्याची ती सुंदर नक्षी रस्त्यावर वीस पावले मागे पडली होती, आणि ती अजूनही कोरी होती.

आईचे मनगट मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. त्याहून मोठी मोडतोड माझ्या मनात झाली. मी गाडी टेंपोवर घालून आणली, पडवीत लोटली, दाराला कुलूप लावले. आणि नकळत तसेच एक कुलूप आईलाही लावले. "आई, देवळात नको, पायऱ्या आहेत." "आई, बाजारात नको, गर्दी आहे." "मी आणतो." "मी जातो." "तू बस." प्लास्टर निघाले तरी माझे 'तू बस' काही निघाले नाही. पुढल्या मार्चात टाळेबंदी आली, आणि माझ्या या व्यवस्थेवर सरकारी शिक्का बसला. आई ओटीवरच्या एका खुर्चीत बसू लागली. सकाळी तिथे, दुपारी तिथे, संध्याकाळी तिथे. ती कुरकुर करत नव्हती. मला वाटे, किती छान जपले आहे मी तिला!

त्या पावसाळ्यात शाळा बंद, कादंबरी अडलेली. भाऊंचे कपाट आवरताना निळी वही हाती आली. मी ती प्रथमच उघडून वाचली. पानांमागून पाने 'खूण वर', 'खूण खाली' चालले होते. त्यातच १९९८ च्या दिवाळीतली एक नोंद: "दोन टायर घेतले. हे माप पुढे मिळेल न मिळेल. माळ्यावर." नंतर महिन्या-महिन्याला, "माळ्यावरचे फिरवले." आणि २०१० च्या दिवाळीत, त्याच सुबक अक्षरात:

"माळ्यावरचे टायर बारा वर्षांचे झाले. दिसायला नवे. रस्त्यावर घालायचे नाहीत. टाकवत नाहीत. गाडी नुसती उभी करायला होतील."

त्याच्याखाली पुन्हा २०१५ च्या डिसेंबरपर्यंत दर महिन्याला "फिरवले", "फिरवले".

वही हातात घेऊन मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. आईच्या मनगटाचे उत्तर चार वर्षे माझ्या घरात, माझ्या भाषेत, माझ्या बापाच्या अक्षरात लिहून ठेवलेले होते. मी स्वतः लिहिणारा माणूस. ते वाचण्याची तेवढी मला सवड झाली नव्हती.

त्यानंतर मी शहाण्यासारखे शिकायला लागलो. रसायनशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकला सुटला. पण आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई आमच्याच आळीत राहतात. त्यांनी मला अंगणाच्या कट्ट्यावर बसवून एखाद्या 'ढ' मुलाला शिकवावे तसे शिकवले. रबर म्हणजे मुळात झाडाचा चीक. ते झाड मूळचे ब्राझीलचे. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने त्याच्या बिया लंडनजवळच्या क्यू बागेत नेल्या, आणि तिथून ती झाडे आशियात पसरली. आज आपल्याकडचे बहुतेक रबर केरळात होते. आमच्या अण्णाच्या घरची काही झाडे आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पण हा नुसता चीक उन्हात चिकट होतो आणि थंडीत तडकतो. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये त्यात गंधक मिसळून तापवले, तेव्हा कुठे तो टिकाऊ झाला. पुढे काजळी मिसळू लागले. आरंभीचे टायर पांढुरके असत. ते काळे झाले ते काजळीने. तिने रबर झिजेना, आणि उन्हाचा माराही पुष्कळसा सोसू लागले.

"पण हवा कोणाला सोडते?" बाई म्हणाल्या. हवेतला प्राणवायू रबरात आतवर मुरत जातो आणि त्याला हळूहळू कडक करतो. उष्णता असली की हे काम लवकर होते. आणि प्राणवायूचा एक उग्र भाऊ आहे, ओझोन. हवेत तो थोडासाच असतो. पण विजेची ठिणगी उडते तिथे, मोटरपाशी, वेल्डिंगपाशी तो तयार होतो. ताणलेल्या रबराचे दुवे तो कापत जातो. बाईंनी दोन रबरबँड घेतले. एक बाटलीवर ताणून बसवला, एक सैल ठेवला, आणि दोन्ही खिडकीत ठेवायला सांगितले. काही आठवड्यांनी ताणलेल्यावर आडव्या भेगा पडल्या. सैल होता तो बराच बरा राहिला. मला एकदम फणसाचे ठोकळे आठवले. भार काढला की ताण जातो. ताण गेला की भेगा कमी पडतात. आणि पंपाची मोटर! भाऊंनी 'वास मानवत नाही' म्हटले होते, ते शास्त्रच होते. फक्त त्याला त्यांनी घरगुती कपडे घातले होते.

मला सर्वांत नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. टायर बनवताना त्यात मेणासारखे काही पदार्थ घालतात. टायर फिरतो, रस्त्यावर दबतो, सुटतो, तसतसे ते मेण आतून पृष्ठभागावर येत राहते आणि ओझोनपासून त्याचे रक्षण करते. टायर उभाच राहिला की हे येणे मंदावते. म्हणजे चालणारा टायर झिजतो खरा, पण चालण्यातूनच स्वतःला राखतो; आणि न चालणारा, कितीही गुंडाळून ठेवा, आतून म्हातारा होत जातो. उन्हापासून, ओलीपासून, तेलापासून वाचवून त्याचे म्हातारपण लांबवता येते. थांबवता येत नाही. म्हणून टायर बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यासुद्धा सांगतात की नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर टायर बदला. २००० सालापासून टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्याआधीच्या टायरांवर तीनच आकडे, वर्षाला एकच! आठ म्हणजे अठ्ठ्याऐंशी की अठ्ठ्याण्णव, ते टायर सांगत नाही. अण्णाने चष्मा लावून वाचले होते ते हेच.

बाई सांगत होत्या आणि माझी नजर ओटीवरच्या खुर्चीकडे गेली.

त्याच आठवड्यात आईचे गुडघे आखडले म्हणून डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, "बसवून ठेवू नका. चालवा त्यांना." मी म्हणालो, "पडल्या तर?" ते म्हणाले, "बसून तर त्या पडतच आहेत. फक्त तुम्हांला आवाज ऐकू येत नाही."

मी आईला म्हणालो, "चल, अंगणात एक फेरी मारू." ती म्हणाली, "आता कुठे? राहू दे. बसले आहे ती बरी आहे." हे वाक्य तिचे नव्हते, माझे होते. वर्षभर मीच ते तिला शिकवले होते. पहिल्या दिवशी ती पायरीपर्यंत आली. मग तुळशीपर्यंत. मग फाटकापर्यंत. माझ्याही नकळत मी त्या निळ्या वहीच्या मागच्या पानावर नोंदी करू लागलो: "तुळशीपर्यंत." "फाटकापर्यंत." "बाईंच्या घरापर्यंत. चहा घेऊन परत." एके दिवशी आईने ते पाहिले. म्हणाली, "माझी खूण कुठे आहे रे आज? वर की खाली?"

२०२१ मध्ये कोल्हापूरच्या एका दुकानदाराकरवी आमच्या मापाचे पाच नवे टायर मागवले. चार गाडीला आणि एक स्टेपनी. कारण स्टेपनीचेही वय होतेच. आले त्या दिवशी मी आधी चार आकडे वाचले आणि मग नक्षी पाहिली. त्याच सुमारास माझा मुंबईचा पुतण्या म्हणाला, "काका, सरकारने नवा नियम काढलाय. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात. किती मान!" मला मोह झाला. मग नियम वाचला. अशी गाडी प्रदर्शनाला न्यावी, जुन्या गाड्यांच्या फेरीत न्यावी, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यावी. नेहमीच्या वापराला मात्र रस्त्यावर आणू नये. ज्यांच्याकडे राजेरजवाड्यांच्या गाड्या आहेत त्यांना तो नियम शोभतो. मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे मान मोठा, पण माहेरी जायचं नाही! तसल्या मानाच्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात." तेव्हा आमची गाडी साधीच राहिली. दर पाच वर्षांनी तपासणीला न्यायची, नोंदणी नवी करून आणायची.

मात्र माळ्यावरच्या जोडीतला जो एक टायर धड राहिला होता, तो मीही टाकला नाही. तो पुन्हा काळ्या प्लॅस्टिकमध्ये, फळीवर उभा आहे. त्यावर मी पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'रस्त्यावर नाही'. चित्रकलेच्या मास्तराची अक्षरे आहेत, माझ्या नंतरच्या माणसाला चष्मा लावावा लागणार नाही. महिन्यातून एकदा शिडी लावून मी तो फिरवतो. माझी मुलगी हसते. हसू दे. तीही काही लिहीत असते म्हणे.

२०२१ चा दसरा १५ ऑक्टोबरला होता. ठोकळे काढून गाडी जमिनीवर उतरवली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेवली. आईने ओवाळले. मग मी मागचे दार उघडून उभा राहिलो. ती गाडीकडे पाहत राहिली. पालीचा बार तिच्याही कानांत असणार. माझ्या कानांत तर तो होताच. हाताचे तळवे ओले झाले होते. "नको वाटत असलं तर राहू दे," मी म्हणालो.

"पुढं बसते," ती म्हणाली. "मागून रस्ता दिसत नाही."

आम्ही आरे-वाऱ्याच्या रस्त्याला लागलो. गाडी ठोकळ्यांवरून उतरल्यावर पूजेच्या गडबडीत दोन दिवस भार घेऊन एका जागी उभी होती. निघाल्याबरोबर चाकांतून ढब्, ढब्, ढब् असा आवाज येऊ लागला. माझ्या छातीतही तोच. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, चारीही टायरांवरून हात फिरवला. काही नव्हते. परत आत बसलो तर आई हसत होती.

"घाबरतोस काय! हे नेहमी म्हणायचे, उभ्या टायरला जागेचा आकार येतो. नायलॉनचे दोरे असतात ना आत. दोन मैल जाऊ दे. टायर गरम होऊ दे, आपोआप गोल होतो."

एवढी वर्षे ती त्यांच्या शेजारी बसून सारे ऐकत होती! मी वही वाचायला चार वर्षे घेतली, आणि दुसरी वही ओटीवर खुर्चीत बसवून ठेवली होती.

खरेच, थोड्या वेळाने आवाज मंदावला, मग थांबला. वळण घेतल्यावर एकदम समुद्र दिसला, लखलखीत, आश्विनातला. आईने काच खाली केली. तिच्या उजव्या मनगटाला अजून थोडा बाक आहे. त्याच हाताने तिने वाऱ्यावर उडणारा पदर सावरला. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

आता आईला सत्याहत्तर पूर्ण झाली. सकाळी उठताना तिला वेळ लागतो. मी हात द्यायला पुढे झालो की ती तो बाजूला सारते, पलंगाच्या कडेला बसून पाय दोनदा-तीनदा हलवते आणि म्हणते,

"थांब रे. टायर गरम होऊ दे."